बिनखांबाचं घर

डोणगाव, ता. मेहकर
२ ऑक्टोबर १९६६

सौ. कोकिळा इंद्रभान यांस,

पत्र मिळालं. टपालवाल्यानं ते चौकातूनच हाका मारत आणलं, त्यामुळे अर्ध्या डोणगावाला माझ्या आधी कळलं, की महादेव मिस्त्रीला सहा वर्षांनी लेकीचं पत्र आलं. तुझ्या आईनं ते आधी हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मग मला दिलं. तिला वाचता येत नाही, तरी वर तुझं नाव असेल तिथं तिनं बोट ठेवून दाखवलं.

तू भिंतीबद्दल विचारलं आहेस, म्हणून भिंतीबद्दलच लिहितो. बाकीचं तू विचारलं नाहीस.

मला समजलं ते असं. तुम्ही तीन बिऱ्हाडांनी मिळून ब्रिस्टल गावात दोनशे वर्षांचं जुनं घर राहायला घेतलं. पुढची भिंत दुसऱ्या मजल्यावर पोटासारखी बाहेर आली आहे. तिथल्या नगरपालिकेची नोटीस आहे, की जानेवारीअखेर भिंत नीट करा, नाहीतर घर खाली करा, आम्ही ते पाडू. तिथले ठेकेदार म्हणतात पाडलेलंच बरं. आणि तुझा घरधनी म्हणतो, की कुणी रीत सांगितली तर तो आणि त्याचे दोन दोस्त सुटीच्या दिवशी भिंत दुरुस्त करतील. तिथं तू म्हणालीस, बाबांना विचारते.

तर विचारलंस म्हणून सांगतो. सगळ्यात वरच्या खिडकीतून एक दोरा खाली सोड. त्याला जड काहीतरी बांध, इस्त्री चालेल. वारा पडलेला असताना सोडायचा. मग प्रत्येक मजल्यावर दोरा भिंतीपासून किती बोटं दूर आहे, ते लिहून पाठव. लहानपणी माझा ओळंबा तूच धरायचीस, हात हलला तर रागवायचो ते तुझ्या ध्यानात असेल. आणि घर समोरून कसं दिसतं त्याचं चित्र काढ. खिडक्या, दार, मधली भिंत, सगळं मापानं. सुंदर नको, खरं पाहिजे.

तोवर घरातलं लहान माणूस पुढच्या खोलीत निजवू नये. मागच्या खोलीत निजवावं.

महादेव मिस्त्री

*

डोणगाव
६ नोव्हेंबर १९६६

चि. कोकिळा,

चित्र मिळालं, मापं मिळाली. कागद चार दिवस माझ्या उशाशी आहे. माझं वय झालं, गुडघे परांचीवर चढू देत नाहीत, पण या कागदावर मी तुमच्या घराचे पाच मजले रोज चढतो उतरतो.

काय घर आहे ते. रुंदी आपल्या ओसरीएवढी आणि उंची देवळाएवढी. स्वयंपाकघर जमिनीच्या खाली, आणि त्याला उजेड मिळावा म्हणून घरापुढे खणून ठेवलेला खड्डा, त्याला लोखंडी कठडा. इथं असं कुणी केलं तर पहिल्या पावसात काळ्या मातीनं चूल गिळली असती. खालचे मजले उंच, वर जावं तसे बुटके. तू लिहितेस वर नोकर राहायचे. म्हणजे नोकराच्या डोक्यावर छत सुद्धा कमी मापाचं. दोन शेजाऱ्यांत एकच भिंत आणि तिच्यातूनच दोघांची धुराडी वर जातात, आणि दोनशे वर्षांत भांडण नाही. आपल्याकडे कोर्टात तीन पिढ्या गेल्या असत्या. आणि ती एक खिडकी, जी खिडकीच नाही, नुसती तिच्या आकाराची भिंत आहे, तिची हकीकत वाचून तुझी आई हसली. घरपट्टीसारखी खिडक्यांवर पट्टी बसवली म्हणून लोकांनी खिडक्याच बुजवल्या, हे तिला फार पटलं. म्हणाली, म्हणजे तिकडचे लोकही आपल्यासारखेच आहेत.

एक कळलं नाही. तू लिहितेस खिडकीचं तावदान वर सरकवलं, की जिथं सोडावं तिथं राहतं, खाली पडत नाही. खिटी नाही, अडसर नाही. हे कसं ते समजून घेऊन कळव.

आता कामाचं. पोट सव्वातीन बोटं आहे आणि ते फक्त दोन खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. खाली नाही, वर नाही. म्हणजे पाया चांगला आहे. चुन्यातला जीव गेला म्हणून तेवढाच पट्टा सुटला आहे. अशा भिंती मी किती काढल्या आणि किती बसवल्या याचा हिशेब नाही. आपल्या धाब्याच्या घरात वरची माती, लाकडं, सगळं ओझं खांबांवर असतं. खांबावर आडवी मयाल, मयालीवर छत. भिंत म्हणजे नुसतं पांघरूण. ते फाटलं तर काढायचं आणि नवं घालायचं, घराला खबर लागत नाही.

तुझ्या चित्रात प्रत्येक खिडकीच्या दोन्ही अंगांना तू जे लांबट चौकोन काढलेस, त्यांच्यापुढे काही लिहिलं नाहीस. पण मी ओळखले. ते खांब. विलायती माणसानं खांब भिंतीच्या पोटात लपवले आहेत, एवढाच फरक. तेव्हा भिऊ नका. दोन खिडक्यांमधला पट्टा वरून खाली, थर थर करून काढा. खिडकीच्या माथ्यापासून तिच्या तळापर्यंत. दगड क्रमानं मांडून ठेवा, नवीन चुन्यात तसेच बसवा. तीन माणसांचं दोन रविवारचं काम आहे. तिथल्या ठेकेदारांना काय कळतं, पाडलेलंच बरं म्हणे.

मी चाळीस वर्षं हेच केलं आहे. खुशाल काढा.

तुझ्या आईची हकीकत अशी, की ती बरी आहे. मी हे लिहायला बसलो तर मागून म्हणते, "तुम्ही भिंतीले पत्र लिहून राह्यले का पोरीले?"

तुझा,
महादेव मिस्त्री

*

डोणगाव
१९ नोव्हेंबर १९६६, शनिवार

कोकिळे,

हे पत्र तुला पोचेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो, कारण बसून राहवत नाही. काल मेहकरला जाऊन तार केली आहे. भिंतीला हात लावू नका. खांब नाहीत. एवढंच. ती मिळाली असेल तर देवाची कृपा. माझं मागचं पत्र बुधवार-गुरुवारकडे पोचलं असेल, आणि उद्या रविवार आहे.

घडलं ते असं. गुरुवारी मी तुझं चित्र घेऊन वामनराव मास्तरांच्या ओट्यावर बसलो होतो. खरं सांगतो, मिरवतच होतो. माझ्या लेकीनं विलायतेहून मला विचारलं, हे मला चार माणसांना दाखवायचं होतं. तेवढ्यात उकंडराव सुतार तिथून जात होता.

तू गेल्यापासून तो माझ्याशी बोललेला नाही. त्यानं तासायचं आणि मी बांधायचं, अशी वीस वर्षं आम्ही घरं उभी केली. त्याच्या पोराला तुला द्यायचा शब्द मी त्याला एका खांबाच्या पूजेला दिला होता, नारळ फोडता फोडता, तुला न विचारता. तू मुंबईला जाऊन इंद्रभानाशी लग्न केलंस आणि तिथूनच बोटीवर चढलीस, तेव्हा उकंडराव माझ्या दारात आला आणि त्याची करवत घेऊन गेला. त्याच्या पोराचं पुढं चांगलं झालं, दोन नातू आहेत, पण आमचं तुटलं ते तुटलंच. मी त्याचं सगळं खापर तुझ्यावर फोडलं. तुला सोडचिठ्ठी दिल्यासारखं तुझं नावच घरात घेऊ दिलं नाही. दोस्त गेला याचं दुःख लेकीवर काढलं, हे मला या दोन दिवसांत कळतं आहे.

तर उकंडराव थांबला. मास्तरांनी मुद्दाम त्याला बोलावलं, की पहा विलायतेतलं घर. तो ओट्याखाली उभा राहूनच बघत होता. सुताराची नजर लाकडावर जाते. त्यानं त्या चौकोनांवर बोट ठेवलं.

"हे काय होय?"

"खांब," मी म्हणालो. सहा वर्षांनंतरचा पहिला शब्द तो.

त्यानं वाकून कागद डोळ्यांजवळ घेतला. मग म्हणाला, "याचे पाय कुठी आहेत?"

त्यानं बोट चौकोनाच्या खालच्या टोकाशी नेलं.

"खांब खिडकीसंगं सुरू होते अन् खिडकीसंगंच संपते काय बे, महादेवा? खालच्या मजल्यावर येतच नाही तो. घर काय हवेवर उभं आहे?"

मी कागद ओढून घेतला. प्रत्येक मजल्यावर चौकोन होते, पण मजल्या-मजल्यांमध्ये काहीच नव्हतं. कोरी भिंत. माझ्या डोळ्यांनी जे नव्हतं ते आपोआप भरून घेतलं होतं. खिडकीच्या बाजूला खांब असतो, आपल्या गावात कुठंही जा, असतोच, म्हणून मी तो पाहिला.

उकंडराव ओट्यावर चढून बसला आणि त्यानं मला तुझं पत्र वाचून दाखवायला लावलं. खिडकी सोडली तरी पडत नाही हे ऐकलं आणि हसला. म्हणाला, ती पेटी आहे. तिच्या पोटात दोरीला वजन टांगलेलं असेल, खिडकी वर गेली की वजन खाली. "तुले वाटलं खांब, आतमंदी लटकून राह्यला लोखंडाचा गोळा." मग त्याचं हसू गेलं. त्यानंच विचारलं, की मग वरच्या मजल्यांची लाकडं टेकली कशावर. मी म्हणालो, भिंतीवर. दुसरं काही नाहीच तिथं. ज्या पट्ट्याला मी पांघरूण म्हणालो, त्याच्या डोक्यावर दोन मजले आणि छप्पर बसलेलं आहे.

आणि मी तुला लिहिलं, खुशाल काढा.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं मेहकर गाठलं. उकंडराव न बोलावता बरोबर आला. वामनराव मास्तरांनी इंग्रजी केलं. तारेच्या बाबूनं दोनदा विचारलं, की बातमी नक्की हीच ना, कारण लोक विलायतेला मेल्या-जन्मल्याची तार करतात, भिंतीची कुणी करत नाही. मी म्हणालो, ही तीच बातमी आहे, तुम्ही पाठवा.

तुझ्या आईला मी काही सांगितलं नव्हतं. पण गावातून तिच्या कानावर गेलंच, आणि ती काल संध्याकाळपासून चुलीपुढून उठलेली नाही. मला एवढंच म्हणाली, की सहा वर्षं तोंड बंद ठेवलं ते बरं होतं, उघडलं ते पोरीच्या जिवावर.

थकलो आहे.

बाबा

*

डोणगाव
२४ नोव्हेंबर १९६६

चि. सौ. कोकिळेस अनेक आशीर्वाद.

तुझी उलट तार मिळाली. भिंत उभी, सगळे सुखरूप, पत्र येत आहे. मेहकरच्या पोस्टातून माणूस सायकलनं घेऊन आला. मी तार हातात घेतली पण उघडवेना, तुझ्या आईनं उघडून मास्तरांकडे धाडली. ते रस्त्यातूनच हात हलवत आले, तेव्हा ती पहिल्यांदा घागर घेऊन पाण्याला गेली. पाच दिवस शेजारीण पाणी भरत होती.

माझी तार वेळेवर पोचली, हे माझं नशीब. उकंडराव म्हणतो त्याचं नशीब, कारण माझ्या डोक्यातला खांब त्यानं मोडला. सध्या रोज संध्याकाळी येऊन बसतो. तुझ्या चित्रावरून त्यानं ती खिडकी लाकडात करायला घेतली आहे, वजनाच्या जागी दगड बांधला आहे. खिडकी वर जाते, पण दगड एकीकडे जड, त्यामुळे थोबाड वाकडं करून जाते. तुझी आई त्याला म्हणाली, "भाऊजी, हे खिडकी आहे का रुसलेली सून?" तो पण हसला. आमच्या ओसरीवर सहा वर्षांत एवढं हसू झालं नव्हतं.

मी गावात सांगितलं, की तारेनं घर वाचवलं. थोडं वाढवूनही सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला एवढं माफ कर.

आता घर खाली करा. नगरपालिकेशी वाद घालू नका. घर दुसरं मिळेल. माझी आता काही सुचवायची हिंमत नाही. तुझ्या मुलीचं नाव काय ठेवलंस? तुझ्या आईला कुणाकडून तरी कळलं होतं, की मुलगी झाली. मला नाव कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाबा

*

डोणगाव
११ डिसेंबर १९६६

श्री. इंद्रभान यांस महादेवाचा नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आहे, कोकिळेला नाही. तुम्हाला आजवर मी ओळही लिहिली नाही, त्यामुळे वर काय लिहावं यात सकाळ गेली. बीबी गावाहून तुमचे वडील पुंजाजी दोनदा माझ्याकडे येऊन गेले होते, लग्न झालं त्या वर्षी. मी त्यांना पाणीही विचारलं नाही. ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

कोकिळेचं पत्र आलं. तिनं सगळं खरं लिहिलं आहे, काही लपवलं नाही. ती लहानपणापासून तशीच आहे. त्यावरून मला कळलं, की माझी तार शनिवारी पोचली होती, पण खालच्या बिऱ्हाडाच्या बाईनं ती दारात घेतली आणि आपल्या कपाटावर ठेवून ती बाहेरगावी गेली. तुम्हाला ती मिळाली सोमवारी. म्हणजे रविवारी तुमच्या हातात माझं फक्त पहिलं सांगणं होतं, खुशाल काढा.

मी गावभर सांगत फिरलो, की माझ्या तारेनं घर वाचवलं. काल वामनराव मास्तरांच्या ओट्यावर जाऊन ते परत घेतलं. उकंडराव माझ्याकडं बघत होता, पण काही बोलला नाही. तेवढी दोस्ती त्यानं केली.

घर तुम्ही वाचवलं. कोकिळा लिहिते, की शनिवारी कामाची तयारी झाली, पहार आणली, चुना भिजवला, दोस्त यायचे ठरले. आणि तुम्ही, नुसतं बघावं म्हणून, एका चौकोनाची फळी पेचकसानं काढली. आत दोरी आणि लोखंडाचा गोळा. तुम्ही दुसरीही काढली. मग तिला म्हणालात, इथं खांब नाहीत, बाबांची काहीतरी चूक होते आहे, आपण हे करायचं नाही. आणि ती तुमच्याशी भांडली. माझं पत्र तुमच्यापुढे धरलं, की बाबा चाळीस वर्षं भिंती बांधतात, तुम्ही औषधाच्या बाटल्या भरणारे, तुम्हाला काय कळतं. रविवारी सकाळी ती स्वतः पहार घ्यायला गेली, तर तुम्ही पहार मांडीवर घेऊन जिन्यात बसला होतात. दोस्तांना परत पाठवलं. दुपारपर्यंत तिथंच बसलात.

हे वाचून मी कागद खाली ठेवला. माझी पोर माझ्यासाठी भांडली. सहा वर्षं मी तिचं नाव घेतलं नाही आणि ती माझ्या चुकीच्या पत्रासाठी आपल्या घरात उभी राहून भांडली. तिनं आयुष्यात एक मोठी गोष्ट मला न विचारता केली, त्यासाठी मी तिला तोडलं. आता एक गोष्ट विचारली, तर मी असं सांगितलं, की तुमच्या तिघांच्या डोक्यावर घर आलं असतं. न विचारता तिनं जो माणूस पाहून घेतला, तो पहार मांडीवर घेऊन बसला, म्हणून ती आहे. हे लिहायला मला जड जात नाही, असं नाही. पण खोटं लिहिण्याचं वय गेलं.

तुमच्या गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या गवंड्यानं येऊन जी रीत सांगितली, ती मी समजून घेतली आहे. भिंत काढायची नाही, मजल्याच्या लाकडांना लोखंडी गज बांधायचा, तो भिंतीतून आरपार बाहेर काढायचा आणि बाहेरून ताटलीएवढा पत्रा लावून पेच आवळायचा, म्हणजे घर आपलं पोट आपणच आत धरतं. उकंडरावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतो तसंच आहे हे. नगरपालिकेनं मुदत वाढवून दिली हे वाचून बरं वाटलं. तो गवंडी सांगेल तसं करा. त्याला माझा रामराम सांगा. माझ्याकडून आता काही सांगणं नाही.

कोकिळेची आई शालूबाई हिनं सांगितलं म्हणून लिहितो, की मुलीचं नाव रुख्मिणी ठेवलं हे तिला फार आवडलं. दिवसातून चार वेळा कारण नसताना घेते.

एक विचारायचं आहे, त्यासाठीच हे पत्र. कोकिळा कशी आहे ते मला ठाऊक आहे. तिला एकदा वाटलं, की वाटलं. सहा वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर ती उभी होती, मी तिला नाही म्हणालो, आणि ती गेली. तुम्ही त्या दिवशी तिला नाही म्हणालात, ती तुम्हाला वाटेल ते बोलली, आणि संध्याकाळी, ती लिहिते, तुम्ही दोघं त्याच जिन्यात बसून चहा प्यालात.

तुम्ही तिला काय म्हणालात, कोणत्या शब्दांत म्हणालात, ते जमलं तर सविस्तर लिहा. मला शिकायचं आहे.

कोकिळेचा बाप,
महादेव